धोंडप्पांची घरगाडी टंचाईला जुंपली

साहेब, तुम्ही चोरी केलीत. मोटार नाही चोरली. मोटार परत दिलीत, किल्लीसकट दिलीत. तुम्ही नऊ वर्षांच्या एका पोरीचे अडीच दिवस चोरलेत, आणि ते परत करायची सोय सरकारच्या कुठल्याच खात्यात नाही. तुमच्या कचेरीचं नाव इथं ठळक लिहिलं असतं. पण ते गाव नव्या जिल्ह्यात पडतं की जुन्या, हे चार वर्षांत तुम्हालाच ठरवता आलं नाही, तर लिहिणाऱ्यानं कुठून ठरवावं? म्हणून नुसतं साहेब म्हणतो. ज्याला लागेल त्याला लागू द्या!

घडलं ते असं.

उदगीरचे धोंडप्पा कंडक्टर. एसटीत बत्तीस वर्षं घंटी वाजवली. लोकांना लग्नाला पोचवलं, मयताला पोचवलं, कोर्टात पोचवलं, बाळंतपणाला पोचवलं. पण बायकोला कुठं नेलं म्हणाल तर बिदरच्या माहेराला, तेही तिचा भाऊ न्यायला आला म्हणून.

"साऱ्या दुनियेला तिकीट फाडलं, मला एक न्हाई फाडलं!" शांतम्मा भाकरी थापता थापता म्हणायच्या. भाकरीवर थाप पडायची, पण लागायची धोंडप्पांना.

रिटायर झाल्यावर चौथ्या महिन्यात धोंडप्पांनी ओसरीत उभं राहून जाहीर केलं, "शांते, तिकीट कशाला? घरच चाकावर चढवतो! स्वैपाक गाडीत, झोप गाडीत, पूजा गाडीत! हदगावला जायचं, महादेवीला उचलायचं अन् आठ दिवस पोरीला सारा मुलूख दाखवायचा!"

महादेवी म्हणजे नात, धोंडप्पांना अज्जा म्हणणारी. त्यांची एकुलती एक लेक नीलम्मा तीन वर्षांपूर्वी हदगावला काविळीनं गेली, तिची ही पोर. जावई संगप्पा माणूस वाईट नव्हता. किराणा दुकान चालवायचा. वर्षभरानं त्यानं दुसरं लग्न केलं. तेही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण दुष्काळात गिऱ्हाईकच उठून गेलं, दुकान बसलं, आणि बायकोच्या भावानं त्याला हुबळीला बोलावलं. त्यानं सरळ पत्र लिहिलं: गुरुवारी दुपारी बाराला सामानाचा ट्रक निघेल. दिवाळीच्या सुट्टीत महादेवीला आठ दिवस न्यायचं असेल तर त्याआधी या, आठ दिवसांनी सोलापूरला आणून द्या, तिथून मी नेईन. एकदा तिकडे गेल्यावर मात्र जुन्या घरची ये-जा नको, असं घरात ठरलं आहे. पोरीला एका आईची सवय होऊ द्यावी. तिकडचा पत्ता नंतर कळवतो.

शांतम्मांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे ह्या आठ दिवसांनंतर न्हाईच?"

"आठ दिवस तर हायत ना!" धोंडप्पा म्हणाले, आणि तडक करीम मिस्त्रीकडे गेले.

करीम मिस्त्रीच्या अंगणात एक जुनी मॅटडोर पडलेली होती. कोंबड्यांनी तिच्यात तीन पिढ्या काढल्या होत्या. करीमनं कोंबड्या हाकलल्या, इंजिन उघडलं आणि हकिमानं नाडी बघावी तसा कान लावून बसला. "चाचा, जान हाय हिच्यात! पळणार न्हाई, पण चालंल."

त्यानं आत दोन बाकं ठोकली. वातीच्या स्टोला खाच केली. खिडक्यांना शांतम्मांच्या जुन्या इरकलीचे पडदे लागले. मग तिसरं, छोटं बाक.

"पोरगी किती लांब हाय चाचा?"

धोंडप्पांनी आधी कमरेपाशी हात धरला. मग जरा वर नेला. मग थोडा आणखी वर. दीड वर्षात पोर केवढी झाली असेल, याचा अंदाज हाताला येईना.  करीमनं फळी वीतभर जास्तच ठेवली.

टपावर दोनशे लिटरचं पत्र्याचं पिंप बसवलं, खाली तोटी काढली. शांतम्मा लिंगायत घरच्या; तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायच्या नाहीत, आणि पूजेला पाणी लागायचं घरच्या आडाचंच! यंदा आड असा आटला होता की पोहरा खाली जाऊन नुसता खडखडायचा. तरी चार दिवस तांब्या तांब्या उपसून नवरा-बायकोनं ते पिंप भरलं.

सगळ्यात मोठी गंमत मागं होती. धोंडप्पांनी शांतम्मांच्या बाकापासून पुढच्या सीटपर्यंत दोरी ताणून खरी एसटीची घंटी बसवली. "आता कंडक्टर तू! एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं!"

महादेवीला कार्ड टाकलं होतं, की मंगळवारी मोटार घेऊन निघतो, झोपायचं मोटारीतच; आणि मंगळवारी सकाळी गाडी निघाली. ड्रायव्हरकी धोंडप्पा रिटायर झाल्यावर शिकले होते, त्यामुळे वेग पंचवीसच्या वर नाही. मागून सायकलवाले घंटी मारून पुढं जायचे! अंगात एसटीचाच खाकी कोट, सवय जाईना म्हणून. शिरूर ताजबंद आलं तसे धोंडप्पा स्टेअरिंगवरूनच ओरडले, "शिरूर! शिरूरवाले उतरून घ्या!" मागं शांतम्मा एकट्या. त्या हसून हसून स्टोवर पडायच्या राहिल्या.

आणि घंटी तर त्या अशा वाजवायच्या की जणू साठ वर्षांचं सगळं थांबायचं राहिलेलं होतं. टिंग! "काय झालं?" "देऊळ बघायचंय." टिंग टिंग! दहा मिनिटांनी परत टिंग! "आता?" "काही न्हाई. वाजतीया का बघितलं."

अहमदपूर मागं पडलं. लोहा यायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ भाजून काढल्यासारखा पडलेला. माळसावंगीच्या फाट्यावर एका निंबाखाली टिंग झाली.

"पूजा व्हायची हाय अजून. उन्हं डोक्यावर यायच्या आत उरकते."

शांतम्मांनी तोटीखाली हातपाय धुतले, कांबळं अंथरलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि डोळे मिटले. पूजेत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. चाक गरम लागतंय म्हणून धोंडप्पा गाडीखाली शिरले.

तेवढ्यात फाट्यावरून माळसावंगीची कस्तुराबाई आली. कमरेवर रिकामी घागर, तोंड तिच्याहून रिकामं. पहाटे गेली होती विहिरीवर. विहिरीत बेडूकसुद्धा नव्हता. तिनं तोटी बघितली. तोटीतून एक थेंब टपकन पडला. कस्तुराबाई त्या थेंबाकडे बघतच राहिली.

"माय, पानी हाय का?"

शांतम्मा गप्प. पण कस्तुराबाईची सावली तळहातावरच्या लिंगावर पडली, म्हणून त्यांनी डोळे न उघडता उजव्या हातानं बाजूला हो, अशी खूण केली.

हात नेमका तोटीकडे गेला!

"देव तुझं भलं करो गं माय!" कस्तुराबाईनं घागर लावली. भरली. आणि ती गावाकडे तोंड करून अशी ओरडली की तीन कोसांवर ऐकू जावं, "अगं टँकर आलाऽऽ! सरकारनं टँकर धाडला गंऽऽ!"

पाव तासात चाळीस बायका. हंडे, कळश्या, पत्र्याचे डबे, एकीकडे तर पोराचं दप्तर काढून ठेवलेली बादली. रेटारेटी, ओढाताण! कुणीतरी कुणाच्या झिंज्या धरल्या. गाडीखालून धोंडप्पांना आधी चाळीस जणींचे पाय दिसले, मग घागरी दिसल्या. बाहेर येऊन ते सांगू शकले असते: बायांनो, हा टँकर नाही, हे माझं घर आहे. साधं वाक्य. तेवढं म्हणाले असते तर ही गोष्टच झाली नसती.

पण समोर गर्दी होती, आणि गर्दीला रांग नव्हती! बत्तीस वर्षांचा कंडक्टर अंगात खडबडून जागा झाला. "ओ बाई! रांगेत! रांगेत या! पुढं सरका, मागं लई जागा हाय!" खिशात जुन्या तिकिटांचा गठ्ठा नेहमीच असायचा. धोंडप्पांनी पेन्सिलीनं त्यांवर आकडे टाकले आणि एक-एक हातात देत गेले, नंबराला अर्धी घागर. खाकी कोट, तिकिटं, नंबर, तोटी. आता तो टँकर नाही असं म्हणायची ब्रह्मदेवाची छाती नव्हती.

एकतीस नंबरला पिंप कोरडं झालं.

बत्तीस नंबर होता पंचशीलाचा. तरणी बाई, डोळे असे की समोरच्यानं खाली बघावं. तिनं तिकीट धोंडप्पांच्या नाकासमोर धरलं. "एकतीसला पानी अन् बत्तीसला कागद? दर बारीला आमच्याच वस्तीपाशी कसं काय संपतं हो तुमचं पानी?"

"बाई, हे पाणी सरकारचं न्हाई..."

"ते तर आम्हाला कधीचं ठाव हाय! सरकारचं पानी आम्हाला कधी भेटलंय?"

 तोवर पूजा संपवून शांतम्मा उठल्या होत्या. त्यांनी रांग बघितली, उरलेल्या नऊ रिकाम्या घागरी बघितल्या.

"जा. एक खेप आणा."

"अगं, हदगाव..."

"आज मंगळवार हाय. गुरुवारी बाराला पोचायचंय. एक खेप आणा अन् निघू. पोरीला काय तोंड दाखवू मी?"

दोन कोसांवर नागप्पा नावाच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीला अजून पाणी होतं. धोंडप्पा गेले, पिंप भरलं, परत आले. निंबाखाली एक जीप उभी होती.

साहेब, इथून पुढं तुम्ही आहात. नीट वाचा.

"ड्रायव्हर कोण?"

"मीच."

"टँकर क्रमांक?"

"टँकर न्हाई साहेब. घर हाय."

तुम्ही आत डोकावलात. पडदे, स्टो, छोटं बाक, बाकावर नवी कोरी चौकड्याची चादर. "टँकरमध्ये घरगुती सामान कशाला भरलं?"

"साहेब, घर हाय म्हणून घरगुती..."

"कुणाच्या हुकमावरून पाणी वाटलं?"

"बायकोच्या."

तुमच्या कारकुनानं लिहिलं: वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून.

मग कळलं की दुसऱ्या दिवशी मोठ्या लोकांचा पाहणी दौरा. माळसावंगीत टँकर दाखवायचा होता, आणि माळसावंगीत टँकर नव्हता. कारण नवा जिल्हा म्हणायचा गाव जुन्याचं, जुना म्हणायचा नव्याचं. आता आपल्या पायांनी चालत आलेला टँकर तुम्ही सोडता की काय! टंचाईच्या कायद्याचं नाव घेऊन किल्ली खिशात घातलीत, लायसनही घेतलंत.

"साहेब," धोंडप्पांनी हात जोडले. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला हात जोडले नव्हते. "गुरुवारी बाराला नात जाणार. परत भेटायची न्हाई ती."

"इथं लोक पाण्यावाचून मरतायत आणि तुम्हाला सहल सुचते? नात काय, उद्या भेटेल."

एवढं बोललात तुम्ही. आणि धोंडप्पांनी जोडलेले हात खाली घेतले. कारण समोर पंचशीला रिकामी घागर घेऊन उभी होती, आणि त्यांना खरंच वाटलं की साहेबाचं बरोबर आहे, आपणच चुकलो.

पण त्या माणसाचं मन ज्या पाण्यासाठी तुम्ही मोडलंत, ते पाणी तरी वाटलंत? नाही! पाहणीला पिंप भरलेलं दिसायला पाहिजे! तोटीला सुतळी बांधली, सुतळीवर लाख ओतली, लाखेवर शिक्का! दोनशे लिटर पाणी निंबाखाली उभं, आणि चाळीस बायका लांबून बघतायत.

"देवळातल्या देवागत हाय ह्यो टँकर," पंचशीला म्हणाली. "दर्शन घ्यायचं, हात न्हाई लावायचा."

बुधवार उगवला. दौरा आला नाही. दुसऱ्या जिल्ह्याची जीप आली. "गाव आमचं नाही, मग हा टँकर आमच्या हद्दीत कसा?" पहिले म्हणाले, "गाव तुमचं नाही तर हद्द तुमची कशी?" दोन्ही साहेबांनी नकाशा गाडीच्या बोनेटवर पसरला. हद्दीची रेघ मॅटडोरच्या बरोबर मधून जात होती म्हणे. इंजिन एका जिल्ह्यात, शांतम्मांचं बाक दुसऱ्या. किल्ली कुणी द्यायची? दोघंही म्हणाले, त्यांनी.

बुधवारी शांतम्मा उपाशी होत्या. घरच्या आडाचं पाणी मंगळवारीच वाटलेलं, पिंपातल्या नव्या पाण्याला शिक्का; पूजेला पाणी नाही, पूजा नाही तर अन्न नाही. त्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. दुपारी कस्तुराबाई आली. पदराखाली तांब्या.

"माय, हे तुझ्याच पिंपातलं हाय. काल भरलेलं. मी पेले न्हाई सारं."

शांतम्मांनी तांब्या घेतला. त्यातलं पळीभर पूजेला ठेवलं आणि बाकीचं कस्तुराबाईच्याच हातात परत दिलं.

"एसटीनं जाऊ," मग त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गाडी घालू द्या त्यांना उरावर."

दोघं म्हातारे हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले. धोंडप्पांनी खाकी कोटाची बटणं लावली. नांदेडची गाडी धुरळा उडवत आली. दिवाळीची गर्दी, दारात माणसं लोंबकळलेली. धोंडप्पांनी हात केला. दारातल्या कंडक्टरनं बघितलं, ओळखलंही; उदगीर डेपोचाच पोरगा. त्यानं मान हलवली, हात वर केला आणि दोन घंट्या दिल्या.

गाडी गेली. धोंडप्पा म्हणाले, "बराबर हाय त्याचं. जागाच नव्हती." पुढच्या तीन गाड्यांनाही जागा नव्हती. तार करावी म्हटलं तर दिवाळीमुळं पोस्टाला कुलूप.

गुरुवारी अकराला जीप आली. दौरा रद्द. तुम्ही खालीसुद्धा उतरला नाहीत. खिडकीतून किल्ली टाकलीत, वर लायसन टाकलंत.

धोंडप्पांनी लाख फोडली. "बत्तीस नंबर!" ते ओरडले.  पंचशीला पुढं आली. घागर भरली, आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "जावा आता. बाकीचं आम्ही रांगेत वाटून घेतो, पिंप आमच्या हंड्यांत रिकामं करा अन् निघा."

"रिकामी गाडी जोरात पळंल," धोंडप्पा म्हणाले. पाच मिनिटांत पिंप खाली केलं आणि निघाले. त्या दिवशी मॅटडोर चाळीसच्या वेगानं पळाली. करीम बघता तर बेशुद्ध पडता! लोहा आलं, विष्णुपुरी बाजूला राहिली, नांदेड आलं, अर्धापूर आलं. धोंडप्पांनी एकाही गावाचं नाव पुकारलं नाही. मागून एकही घंटी वाजली नाही.

हदगावला उन्हं कलली होती. संगप्पाच्या दाराला कुलूप. ओट्यावर फुटकी बरणी आणि गवताच्या काड्या, सामान बांधताना सांडलेल्या.

शेजारच्या सुलतानबी बाहेर आल्या. त्यांनी गाडी बघितली, पडदे बघितले आणि तोंडावर ओढणी घेतली.

"किती वाजता निघाला ट्रक?" धोंडप्पांनी विचारलं.

"निघायचा तर बाराला होता भाईसाब. संगप्पानं दोनपर्यंत थांबवला. ट्रकवाला लई चिडला. पोरगी मंगळवारपासून इथंच बसून होती ओट्यावर, निळा फ्रॉक घालून, आपलं अंथरूण मांडीवर घेऊन. अज्जा मोटारीत झोपवणार म्हणून अंथरूण कुणाला बांधू देईना. मीच म्हटलं, बेटी, ते येत न्हाईत आता."

"काय म्हणली?" शांतम्मा.

"म्हणली, खाला, अज्जा आला तर सांगा, मी वाट बघितली न्हाई म्हणून."

शांतम्मा ओट्यावर बसल्या. महादेवी बसली असेल तिथंच, अंदाजानं. नंतर जरा सरकल्या. मग पुन्हा सरकल्या. धोंडप्पा म्हणाले, "चल." त्या उठल्या नाहीत.

"हुबळीचा पत्ता दिलाय का हो त्यांनी?"

"न्हाई बहन. हुबळी लई मोठं हाय म्हणे."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. संगप्पाचं पत्र आलेलं नाही. आलंय ते तुमचं. टँकर क्रमांक नऊ, चालक धोंडप्पा, हा गुरुवारपासून कामावर गैरहजर असून त्यामुळे मौजे माळसावंगीचा पाणीपुरवठा खंडित झाला आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा! आणि तिकडे पंचशीलानं गावाच्या वतीनं टँकरचा अर्ज केला, तो परत आला. शेरा: सदर गावी टँकर मंजूर असून चालू आहे.

हसा साहेब. आम्ही बोळातले लोकही आधी हसलो. धोंडप्पा हसले, करीम मिस्त्री तर मांडी थोपटून हसला. शांतम्मा हसल्या नाहीत. त्यांनी फक्त एक विचारलं, आणि तेच आता आम्ही तुम्हाला विचारतो.

उदगीरच्या बोळात, घराला नंबर नाही, दारावर पाटी नाही, तरी तुमची नोटीस बरोबर धोंडप्पांच्या उंबऱ्यावर आली. म्हणजे शोधायचं म्हटलं की माणूस तुम्हाला सापडतो. खुलासा आम्ही देऊ. सात दिवस कशाला, आजच देऊ. आधी तुम्ही द्या. महादेवी संगप्पा, वय नऊ, अंगात निळा फ्रॉक, ट्रक हदगावहून गुरुवारी दुपारी दोनला सुटला. हुबळीत कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात आहे ती? अन् तिला कुणी सांगायचं, की अज्जा वाटेत होता?

उत्तर द्या.